समुद्रमार्गे आलेला वैद्य

भाईंदरच्या पश्चिमेस समुद्राच्या बाजूला उत्तन, पाली, चौक अशी कोळ्यांची जुनी गावे आहेत. आज ती मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडतात. चौक गावाजवळच्या टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. तेथे उभे राहून उत्तरेकडे पाहिले असता वसईच्या खाडीचे विस्तीर्ण मुख दिसते आणि पलीकडे वसई किल्ल्याचा काळाभोर तट नजरेस पडतो. या बाजूच्या टेकडीचा दगड फोडून पोर्तुगिजांनी खाडीपलीकडील आपल्या इमारतींसाठी नेला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकून घेतली, ती हकीकत महाराष्ट्रात सर्वांस परिचित आहे. परंतु त्याच्या दोनशे वर्षे आधी पोर्तुगिजांची जहाजे या खाडीत नुकतीच शिरू लागली होती. त्या जहाजांवरील माणसे आजारी पडत तेव्हा त्यांस औषध कोण देत असे, हा प्रश्न मात्र सहसा कोणास सुचत नाही.

१५३४ च्या डिसेंबर महिन्यात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई व तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगिजांस दिली. त्या दिवसांत त्यांच्या आरमाराबरोबर एक वैद्य या किनाऱ्यावर वावरत होता. वसईचा ताबा नुकताच बदलला असता त्याने घारापुरीची लेणी पाहिली आणि पुढे त्यांचे वर्णनही लिहून ठेवले. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ताचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हीदे या डोंगराळ गावी झाला. त्याचे घराणे मूळचे स्पेनमधील, आणि ज्यू धर्माचे. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यू लोकांस देशाबाहेर घालविले, तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पण तेथेही पाच वर्षांतच राजाने सर्व ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा कुटुंबांना नवे ख्रिस्ती म्हणत. ते चर्चमध्ये जात, ख्रिस्ती नावे धारण करीत, तरी त्यांच्याकडे संशयानेच पाहिले जाई. घरात दिवा कोणत्या दिवशी लागला, कोणता पदार्थ ताटातून वगळला, एवढ्यावरूनही शेजारी चहाडी करीत. ओर्ता लहानाचा मोठा झाला तो अशा वातावरणात.

मुलगा बुद्धिमान होता. स्पेनमधील सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत त्याने वैद्यक व तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला, परत येऊन काही काळ आपल्या गावी वैद्यकी केली आणि मग तो लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. त्या काळचे वैद्यक म्हणजे मुख्यतः ग्रंथांचे पाठांतर होते. ग्रीक वैद्य गेलन होऊन गेल्यास तेराशे वर्षे लोटली होती, तरी त्याच्या शब्दाबाहेर जाण्याचे धाडस कोणी करीत नसे. रोगी काय सांगतो यापेक्षा गेलन काय सांगतो यास अधिक मान असे.

१५३४ च्या मार्च महिन्याच्या १२ तारखेस ओर्ता लिस्बनहून हिंदुस्थानास निघाला. मार्तिम आफोंसो द सोझा या सेनापतीच्या आरमारावर मुख्य वैद्य म्हणून त्याची नेमणूक झाली होती. प्राध्यापकाची प्रतिष्ठित जागा सोडून तो या जीवघेण्या प्रवासास का निघाला असावा? नवे जग आणि नव्या वनस्पती पाहण्याची त्याची उत्कंठा खरी होती, यात शंका नाही. परंतु पोर्तुगालमधील नव्या ख्रिस्त्यांभोवतीचा फास त्याच सुमारास आवळत चालला होता, ही गोष्टही विसरता येत नाही. दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले. ख्रिस्ती धर्मापासून ढळल्याचा संशय ज्यांच्यावर असे, त्यांची चौकशी करून त्यांस शिक्षा देणारे हे धर्मपीठाचे न्यायालय होय.

जीवघेणा प्रवास असे म्हटले, त्यात अतिशयोक्ती नाही. लिस्बन ते गोवा हे अंतर कापण्यास सहा महिने लागत. सारा आफ्रिका खंड वळसा घालून ओलांडावा लागे. खाण्यास कडक भाजलेली बिस्किटे आणि खारवलेले मांस असे. पिपांतील पाणी काही आठवड्यांतच नासे. ताजी भाजी किंवा फळ महिनोन्‌महिने दिसत नसे. मग खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढत, अंगावर काळेनिळे डाग उठत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि धडधाकट माणूस अंथरुणास खिळून मरे. या रोगास स्कर्व्ही म्हणतात. वास्को द गामा पहिल्या सफरीहून परत जात असता अरबी समुद्र ओलांडण्यास त्याला जवळजवळ तीन महिने लागले. तेवढ्या काळात ३० माणसे या रोगाने दगावली आणि प्रत्येक जहाजावर कामास उभी राहू शकतील अशी सात-आठच उरली. शेवटी हातांची वाण पडल्यामुळे एक चांगले जहाज जाळून टाकावे लागले. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदी बंदरात पोहोचताच त्या आजाऱ्यांनी संत्री मागितली होती. म्हणजे औषध रोग्यांना ठाऊक होते, फक्त वैद्यांच्या ग्रंथांत ते नव्हते. ताज्या फळांतील क जीवनसत्त्व न मिळाल्यामुळे हा रोग होतो, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

अशा जहाजावरील वैद्याजवळ साधने ती किती असणार? औषधांची एक मोठी पेटी असे. तिच्यात रेचके, मलमे, पाकात घातलेली चूर्णे भरलेली असत. हाताखाली एखादा न्हावी असे. हजामत करणे, शीर तोडून रक्त काढणे, जखमा डागणे आणि प्रसंगी पाय कापणे ही सर्व कामे तोच करी. कोणत्याही तापावर रक्त काढणे हा उपाय ठरलेला होता. अर्धपोटी, अशक्त खलाशाचे आणखी रक्त काढल्याने त्याचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

सप्टेंबरात आरमार गोव्यास पोहोचले आणि ओर्ताची खरी शाळा सुरू झाली. पुढील चार वर्षे तो सोझाच्या स्वाऱ्यांबरोबर हिंडला. दीव, काठियावाड, मलबारचा किनारा, सिंहलद्वीप असा सारा मुलूख त्याने पाहिला. लढाईतील जखमी तर होतेच, पण त्यांच्यापेक्षा अतिसार, ताप आणि पटकी यांनी पडणारी माणसे अधिक होती. पेटीतील औषधे दमट हवेत बुरसटत आणि नवीन येण्यास एक वर्ष लागे. येथील रोग कित्येक वेळा ग्रंथांतील वर्णनाशी जुळत नसत. अशा वेळी वैद्यापुढे दोनच मार्ग असतात. ग्रंथ खरा मानून रोगी मरू द्यावा, नाहीतर शेजारच्या माणसास विचारावे. ओर्ताने विचारण्यास प्रारंभ केला.

१५३८ मध्ये सोझा मायदेशी परतला, ओर्ता मात्र गोव्यासच राहिला. तेथे त्याने घर केले, बाग लावली. त्याच्या दारी येणारांत पोर्तुगीज अधिकारी होते, व्यापारी होते, हिंदू वैद्य आणि मुसलमान हकीमही होते. कोणी व्यापारी आला की ओर्ता त्याला विचारी, हे मूळ कोठे उगवते, पान कसे असते, ओले असताना वास कसा येतो, तुमच्या भाषेत त्यास काय म्हणतात. एकाच वस्तूची अरबी, गुजराती, दक्षिणी आणि मलबारी नावे तो टिपून ठेवी. हा खटाटोप वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु युरोपात त्या वेळी पूर्वेकडील औषधे सुकलेल्या, कुटलेल्या किंवा गोळा झालेल्या स्थितीत पोहोचत आणि त्यांचे झाड कोणीच पाहिलेले नसे. आपली साधी चिंच घ्या. अरबांनी तिला हिंदुस्थानचा खजूर या अर्थाचे नाव दिले होते, त्यामुळे ती खजुरासारख्या झाडास लागत असावी असा कित्येकांचा समज झाला. दारात चिंचेचे झाड असलेल्या माणसास हे ऐकून हसू येईल; सालामांकाच्या पंडितांना ते येण्याचे कारण नव्हते.

अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह याच्याकडेही ओर्ता वैद्य म्हणून जात असे. गोव्याहून घाट चढून वर जाणे त्या दिवसांत सोपे नव्हते. निजामशाह विद्येचा शोकी होता. रोगांची आणि औषधांची लॅटिन नावे ओर्ताने त्याला शिकवावी व अरबी नावे त्याच्याकडून आपण शिकावी, असा त्या दोघांचा परिपाठ पडला. दरबारातील हकिमांशीही त्याच्या चर्चा चालत. तेथेच राहावे म्हणून निजामशाहाने त्याला मोठ्या वेतनाचे आमिष दाखविले, पण त्याने ते स्वीकारले नाही.

गोव्यात आणि कोकणात पावसाळ्याच्या तोंडाशी एक भयंकर रोग उद्भवे. येथील लोक त्यास मोडशी म्हणत. पोर्तुगिजांच्या जिभेवर हा शब्द मोडून मोर्देशी असा झाला, आणि पुढे फ्रेंचांनी तर त्याचे असे रूप केले की त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ कुत्र्याचे मरण असा होऊ लागला! हा रोग म्हणजेच पटकी, अर्थात कॉलरा. ओर्ताने रोग्याच्या उशाशी बसून पाहिलेली लक्षणे क्रमाने लिहिली. नाडी इतकी मंद होते की ती हातास लागत नाही. अंग गार पडते आणि थंड घाम सुटतो. डोळे खोल जातात, तहान आवरत नाही, वांत्या व जुलाब थांबत नाहीत, पोटऱ्यांत गोळे येतात. पुष्कळसे रोगी एका दिवसाच्या आत मरतात. हिंदुस्थानातील पटकीचे इतके बारकाईचे वर्णन त्यापूर्वी कोणा युरोपीय वैद्याने छापलेले नव्हते.

ओर्ता अशा रोग्याचे अंग खरखरीत कापडाने चोळून त्यास ऊब आणण्याचा प्रयत्न करी. परंतु येथील वैद्य काय करतात, हेही त्याने वगळले नाही. ते रोग्यास मिरी व जिरे घातलेली तांदळाची पेज देत, पाय डागत, गोळे येणारे हातपाय पट्ट्यांनी घट्ट आवळून बांधत. यांतील डागण्याचा काही उपयोग नव्हता, उलट रोग्यास हकनाक यातना होत. पेजेची गोष्ट मात्र निराळी. पटकीत माणूस मरतो तो शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे, ही गोष्ट आज सिद्ध झाली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातील निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली असता, बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. पुढे साखरेच्या जागी तांदळाचे पीठ वापरूनही असे पेय करण्यात आले. पेज पाजणाऱ्या त्या जुन्या वैद्यांना क्षारांचे शास्त्र माहीत नव्हते, पण रोग्याच्या तोंडी पातळ अन्न जात राहिले पाहिजे, एवढे त्यांनी ओळखले होते.

अतिसारावर मलबारी वैद्य कुड्यासारख्या झाडांची साल वापरीत. त्यांच्या हातून या रोगाचे रोगी बरे होतात, हे ओर्ताने मोकळ्या मनाने मान्य केले. धोतऱ्याविषयीही त्याने लिहिले आहे. चोर लोक धोतऱ्याचे बी अन्नात मिसळून घरातील माणसांस देत. मग तो मनुष्य भ्रमिष्टासारखा हसत बसे आणि डोळ्यांदेखत घर लुटले जाई. अशा रोग्यास वांती करवून विष बाहेर काढावे, असा त्याचा उपचार होता.

त्याच्या लिखाणात अधूनमधून गमतीच्या हकीकती येतात. विजयनगरात एका पोर्तुगीज व्यापाऱ्याजवळ एक उमदा घोडा होता. त्यास पोटफुगीचा विकार असल्यामुळे राजा तो विकत घेईना. व्यापाऱ्याने घोड्यास पिठातून हिंग चारला आणि घोडा खडखडीत बरा झाला. राजाने चांगली किंमत देऊन तो घेतला व औषध विचारले. हिंगाचे नाव ऐकून राजास मुळीच नवल वाटले नाही, कारण त्याच्या मते हिंग हे देवांचेच अन्न होते. ओर्ताला स्वतःला हिंगाचा वास अगदी सोसत नसे. तरीसुद्धा हिंदुस्थानात सर्वांत अधिक खपणारे औषध तेच, हे त्याने प्रांजळपणे नोंदविले.

सुमारे १५५४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने मुंबईचे बेट ओर्ताला ठरावीक वार्षिक खंडाने दिले. त्या वेळची मुंबई म्हणजे ताडामाडांची, भातशेतीची आणि मासेमारीची वस्ती होती. पुढे इंग्रजांनी जेथे आपला कोट बांधला, त्या जागी ओर्ताचे घर होते असे मानतात. वर्षातून दोनदा फळणारा आंबा आपल्या या बेटावर आहे, असे तो अभिमानाने सांगे.

जवळजवळ तीस वर्षे जमविलेले हे सर्व ज्ञान ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले ते १० एप्रिल १५६३ रोजी, गोव्यात. हिंदुस्थानात पहिला छापखाना गोव्यासच येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. मुद्रणाच्या चुका इतक्या झाल्या की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. विद्वानांची भाषा लॅटिन असूनही ओर्ताने पोर्तुगीजमध्ये लिहिले. ग्रंथ संवादरूप आहे. एक जण खुद्द ओर्ता, आणि दुसरा स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा पंडित. हा रुआनो काल्पनिक आहे. तो प्रत्येक गोष्टीस ग्रीक ग्रंथांचा आधार मागतो आणि ओर्ता त्याला बागेतले झाड किंवा बाजारातला व्यापारी दाखवितो. स्पेनमध्ये असतो तर गेलनविरुद्ध ब्र काढण्याचे धैर्य आपणांस झाले नसते, अशी कबुली त्याने या संवादात दिली आहे. १५३४ मध्ये जहाजावर चढलेला तरुण ओर्ता पुष्कळसा या रुआनोसारखाच असला पाहिजे.

या संवादांत आणखी एक व्यक्ती मधूनमधून येते. ती म्हणजे ओर्ताच्या घरची दासी अँतोनिया. हाक मारताच ती अमुक पाला, तमुक फळ अचूक आणून देते. गुलामगिरीची चाल त्या काळी पोर्तुगीज घरांत सर्रास होती आणि ओर्ताचे घर त्यास अपवाद नव्हते. झाडपाला ओळखण्याचे ज्ञान अँतोनियास असल्यावाचून हे काम तिच्याने झाले नसते. परंतु ती कोठली, कोणाची, याविषयी तिच्या धन्याने काही लिहिले नाही. शोधक वृत्तीच्या माणसाने हा एवढा शोध घेतला नाही, याचे वाईट वाटते.

ग्रंथ छापण्यापूर्वी इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागली होती. कारण जिच्यापासून ओर्ता दूर आला होता, ती सत्ता १५६० मध्ये गोव्यास येऊन पोहोचली होती. तिचा जाच येथील हिंदूंनाही झाला आणि नव्या ख्रिस्त्यांनाही. ओर्ताची आई आणि बहिणी यापूर्वीच गोव्यात त्याच्याजवळ आल्या होत्या. हे कुटुंब बाहेर ख्रिस्ती आणि घरात गुप्तपणे ज्यू रिवाज पाळणारे होते. व्हाइसरॉयपासून धर्मगुरूंपर्यंत सर्वांची नाडी पाहणारा हा वैद्य अखेरपर्यंत आपले हे गुपित जपत राहिला. रोग्यांचा त्याच्यावर इतका विश्वास होता, पण त्यांच्यापैकी एकाजवळही त्याला मन मोकळे करता आले नसेल.

१५६८ मध्ये ओर्ता मरण पावला. त्यास जिवंतपणी कोणी हात लावला नाही. पण त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले आणि १५६९ मध्ये गोव्यात जाळण्यात आले. चौकशीत भावाच्या धर्माविषयीही बोलणे निघाले. न्यायालयाने मृताविरुद्ध खटला चालविला, आणि १५८० च्या डिसेंबरात त्याची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली.

तोवर ग्रंथ हाताबाहेर गेला होता. युरोपातील प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियस याला पोर्तुगालच्या प्रवासात त्याची प्रत मिळाली. त्याने लॅटिनमध्ये केलेला त्याचा संक्षेप १५६७ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला. म्हणजे ओर्ताची हाडे जाळली जात होती, तेव्हा युरोपभरचे वैद्य हिंग, चिंच आणि मोडशी यांविषयी त्याचे म्हणणे वाचत होते. १९१३ मध्ये ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर झाले. पणजीच्या मोठ्या चर्चसमोरील जुन्या नगरोद्यानास गार्सिया द ओर्ताचे नाव देण्यात आले आहे.